सहा ओळींची तक्रार

६ जानेवारी, मंगळवार

एकशे ऐंशी पालक! शाळेच्या सभागृहात खुर्च्या पुरल्या नाहीत, मागचे भिंतीला टेकून उभे होते. विषय नेहमीचाच — मुलांशी नातं कसं जोडावं. समुपदेशक म्हणून दरवर्षी मलाच बोलावं लागतं. ‘मूल बोलत नाही असं नसतं, आपण ऐकत नाही असं असतं’ या वाक्याला टाळ्या. दरवर्षी याच वाक्याला पडतात.

शेवटी पाचवीतल्या एका मुलीचे वडील उठले. उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. “मॅडम, तुम्ही स्वतः घरी काय करता ते सांगा ना.” सगळे हसले. मीही हसले. म्हटलं, “आम्ही जेवताना टीव्ही बंद ठेवतो.”

खोटं नाही. टीव्ही बंदच असतो.

घरी आले. भिंगरीने ताट वाढून घेतलं, आपल्या खोलीत गेली, पायाने दार लोटलं.

“दिवस कसा गेला?”

“बरा.”

मी बाहेरच्या खोलीत बंद टीव्हीसमोर बसून जेवले.

८ जानेवारी, गुरुवार

आज दिवसभरात लेक माझ्याशी अकरा शब्द बोलली. त्यातले चार ‘नको’ होते.

१३ जानेवारी, मंगळवार

शाळेत आम्ही एकमेकींना ओळखत नाही. हा तिचा नियम, गेल्या वर्षी सातवीत असताना घातलेला. “तू मुलांच्या भानगडी ऐकतेस ना, मग सगळ्यांना वाटतं मी चहाडखोर आहे.” मी कबूल केलं. आज जिन्यात समोरासमोर आलो, तर तिने सूचनाफलक वाचायला घेतला. फलकावर काहीच नव्हतं, नुसत्या टाचण्या! मीही पुढे गेले. अनोळखी बाईसारखी.

लहानपणी ही मुलगी एका जागी ठरत नसे. घरभर गोल गोल फिरायची, फिरता फिरता बोलायची, म्हणून तर भिंगरी. तिचे बाबा म्हणायचे, हिचं बटण कुठे असेल तर शोधा रे! चार वर्षं झाली ते दुसऱ्या गावी, दुसऱ्या घरी राहायला गेले त्याला. आता रविवारी फोन करतात. ती त्यांनाही ‘बरा’ म्हणते. तेवढंच मला समाधान —

छी. काय लिहितेय मी!

२० जानेवारी, मंगळवार

आज जे ऐकलं ते लिहूनच काढते.

मधल्या सुट्टीत एक संदर्भाचं पुस्तक हवं होतं म्हणून ग्रंथालयात गेले. वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातली ती लांबट खोली. महिनोन् महिने तिथे माझं पाऊल पडलेलं नसतं. दाराशी पोचले तर आत कुणीतरी हसत होतं. खळखळून. एक क्षण वाटलं, किती ओळखीचं हसू! आणि मग कळलं, ते माझ्याच मुलीचं आहे. वर्षभरात ऐकलं नव्हतं.

ती टेबलाच्या पलीकडे बसली होती. शेजारी ग्रंथपाल बाई. मुलं त्यांना डिंकबाई म्हणतात — कायम हातात डिंकाची बाटली आणि फाटकं पुस्तक. पन्नाशीच्या आहेत, एकट्या राहतात, आमच्या शिक्षकांच्या खोलीत कधी येत नाहीत. दोघी मिळून सुटी पानं चिकटवत होत्या आणि भिंगरीचं तोंड चालू! अखंड! वर्गातल्या चौघी मैत्रिणींनी तिला गटातून काढलंय. का, कसं, कोण काय म्हणालं, सगळं अगदी नकलांसकट. मी कपाटाआड उभी. निघून जायला हवं होतं. पाय निघेना.

आणि मग ती म्हणाली, “नोव्हेंबरात तुम्ही स्वेटर दिला नसतात ना कमरेला बांधायला, तर मी वर्गातून उठलेच नसते. तशीच बसून राहिले असते शाळा सुटेपर्यंत.”

नोव्हेंबर. माझ्या मुलीची पहिली पाळी नोव्हेंबरात आली. आज वीस जानेवारी आहे.

पुस्तक न घेताच खाली आले. खोलीचं दार लावून बसले. दरवर्षी सहावी-सातवीच्या मुलींना हा विषय मीच समजावून सांगते. चित्रांसह! ‘पहिल्यांदा आईला सांगा’ असंही सांगते. घरातली पाकिटं लवकर संपताहेत हे लक्षात आलं होतं माझ्या. वाटलं, आपणच आणायला विसरलो असू.

२१ जानेवारी, बुधवार

संध्याकाळी तिच्या दाराशी उभी राहून विचारलं, “तुला काही सांगायचंय का?”

“नाही.”

“मला काहीही सांगू शकतेस हं तू.”

“माहितीये. तुझ्या खोलीबाहेर पाटी आहे तशी.”

२८ जानेवारी, बुधवार

आज मोठ्या बाईंना भेटले. मुख्याध्यापिका आहेत पण सगळी शाळा त्यांना मोठ्या बाईच म्हणते. म्हटलं, ग्रंथालयात मुली तासन् तास बसतात, खाजगी गोष्टी बोलतात. ग्रंथपाल बाईंना त्याचं प्रशिक्षण नाही. मुलांचे प्रश्न समुपदेशकाकडे यावेत असा नियम आहे. उद्या काही कमीजास्त झालं तर जबाबदार कोण?

एकही शब्द चुकीचा नव्हता. माझ्या मुलीचं नाव मात्र मी घेतलं नाही.

मोठ्या बाई चष्मा पुसत होत्या. “तुमचं म्हणणं रास्त आहे. लेखी द्या.”

दिलं. सहा ओळी. स्वच्छ, वळणदार अक्षरात.

४ फेब्रुवारी, बुधवार

ग्रंथपाल बाईंची बदली झाली! संस्थेच्या गोदामात, गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे फक्त पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे असतात, मुलं नसतात. आज दुपारी शिपाईमामा पत्र घेऊन वर गेले. सोमवारपासून ग्रंथालय बंद, नवी व्यवस्था होईपर्यंत.

मला वाटलं होतं नुसती समज देतील.

खरंच वाटलं होतं? इथे तरी खरं लिहावं. नाही. मला ती बाई तिथे नको होती.

९ फेब्रुवारी, सोमवार

मधल्या सुट्टीत मुद्दाम वर गेले. दाराला कुलूप. पायरीवर भिंगरी एकटी डबा उघडून बसली होती. खात नव्हती. मला पाहून तिने डबा बंद केला आणि उठून गेली. कुठे गेली कोण जाणे. जायला जागा तरी कुठे राहिली होती!

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज ती आपणहून स्वयंपाकघरात आली. ओट्याला टेकून उभी राहिली. मला वाटलं — आली बाई! बोलणार आता!

“ग्रंथपाल बाईंची बदली का झाली, तुला माहितीये?”

मी भाजी चिरत होते. मान वर न करता म्हटलं, “संस्थेचे निर्णय असतात गं ते. आपल्याला कुठे विचारतात!”

तिने ओट्यावरचा एक देठ उचलून कचऱ्यात टाकला. मग म्हणाली, “बरं.”

आणि गेली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आठवडाभर माझ्या दारावर टकटक चालू आहे. माझ्यासाठी कुणी आलेलं नाही. सगळ्यांना एकच विचारायचंय — “डिंकबाई कुठे गेल्या?”

दोघी बहिणी, तिसरी आणि पाचवीतल्या. आईची कारखान्यात सकाळची शिफ्ट असते, त्यामुळे शाळा उघडायच्या तासभर आधी येतात. ग्रंथालयात बसायच्या. आता फाटकाजवळच्या कठड्यावर बसतात. नववीतला एक लांबुळका मुलगा, त्याला वर्गात चिडवतात म्हणून सुट्टीत तो कपाटं लावायचा. आणि पाचवीतली एक बोलताना अडखळणारी मुलगी. तिला ‘डिंकबाई’ म्हणायलाच इतका वेळ लागला की मी तिच्या तोंडचा शब्द पुरा केला. करायचा नसतो! शिकलेय मी हे! तिने ओठ मिटले आणि पाठ फिरवली.

नोंदवही काढून पाहिली. यातलं एकही मूल त्यात नाही. चार वर्षं या शाळेत आहे मी. खोलीत तीन खुर्च्या, एक पडदा, मऊ रंगाच्या भिंती. पाटी.

१८ फेब्रुवारी, बुधवार

भिंगरी आज तिसरा दिवस शाळेत गेली नाही. पोट दुखतंय म्हणते. डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले. तिच्या वर्गशिक्षकांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, गेल्या आठवड्यात गणिताचा पेपर तिने कोरा दिला. “नावही लिहिलं नव्हतं हो मॅडम. अक्षरावरून ओळखावं तर अक्षरच नाही.”

इतर आया मला विचारतात, मूल शाळेत जात नसेल तर काय करावं. माझ्याकडे छापील पत्रक आहे त्यावर. आज वाचलं. कुणी लिहिलंय कोण जाणे इतकं कोरडं! मीच लिहिलंय.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

रजा घेतली. सकाळी तिच्या दाराबाहेर फरशीवर बसले, दाराला पाठ टेकून. पत्रकातलं एकही वाक्य आठवायचं नाही असं ठरवलं होतं. अर्धा तास गेला असेल.

आतून आवाज आला, “आई? तू तिथे बसलीयेस का?”

“हो.”

“का?”

“दुसरं काही सुचलं नाही.”

मग कॉट वाजली. पावलं दारापर्यंत आली. दार उघडेल असं वाटलं. उघडलं नाही. ती पलीकडून दाराला टेकून बसली असावी, लाकूड किंचित हललं माझ्या पाठीला.

“तुला काही सांगायचंय का?” तिने विचारलं.

माझंच वाक्य! इतकं नीट विचारलं तिने, घाई न करता, जसं विचारायला मी लोकांना शिकवते.

“नाही गं,” मी म्हटलं.

थोड्या वेळाने पावलं परत गेली.

२३ फेब्रुवारी, सोमवार

गोदामात जाऊन आले. दोन बस बदलून.

मोठं पत्र्याचं शेड. छतापर्यंत खोकी. मध्ये एक टेबल, त्याच्यामागे डिंकबाई, हातात पेन्सिल. मला पाहून जराही दचकल्या नाहीत. “या बाई. त्या खोक्यावर बसा. विज्ञान सातवी आहे, मजबूत आहे. भूगोलावर बसू नका, तो खचतो.”

मी बसले आणि रडायलाच लागले. ठरवून गेलेलं सगळं भाषण गेलं उडत. त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला, माझ्या हातात दिला आणि पुन्हा खोक्यांवर आकडे घालू लागल्या. रडणाऱ्या माणसाकडे बघत बसायचं नसतं, हे त्यांना कुणी शिकवलं असेल?

शेवटी म्हटलं, “तक्रार मी केली होती.”

“माहितीये की. बदलीच्या पत्राला तुमच्या पत्राची प्रत जोडली होती. छान आहे हो तुमचं अक्षर.”

“तुम्ही रागावला नाहीत?”

“नाही कशी! आठवडाभर रोज भांडत होते तुमच्याशी. ही खोकी साक्षीला आहेत. यांना तुमच्याबद्दल बरंच काही माहीत झालंय आता.” आणि हसल्या. माझं हसू आणि रडू एकदम आलं, चहा सांडला.

मी विचारलं, तुम्ही काय करता म्हणून मुलं इतकं बोलतात? त्या म्हणाल्या, “काही नाही. हातात ब्रश देते. पानं पुष्कळ फाटलेली असतात आपल्याकडे. हात गुंतलेले असले की मुलं माझ्याकडे बघत नाहीत, मी त्यांच्याकडे बघत नाही. मग होतं सुरू.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “तुमची लेक तुमच्याबद्दल पुष्कळ बोलायची.”

“काय?”

“ते तिचं आहे. मी कसं सांगू?”

मग विचारलं, कशी आहे ती? मी म्हटलं, बरी आहे. मग म्हटलं, नाही. बरी नाही. शाळेत जात नाही. त्यांच्या हातातली पेन्सिल थांबली. उठल्या, शेडच्या दारापर्यंत गेल्या, परत आल्या. “मी इथे बरी आहे हो बाई. माझं काही अडलेलं नाही. पण त्या पोरांना कुणीतरी दार उघडून द्या. मी नाही तर दुसरं कुणी. कुलूप तेवढं काढा.”

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. सगळी वाट काचेत माझाच चेहरा.

२ मार्च, सोमवार

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. नियमाचं निमित्त होतं, त्यातली एक मुलगी माझी होती, आणि मला बघवलं नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पहिल्यांदाच माझ्याकडे चष्म्याशिवाय पाहिलं.

“तक्रार परत घेता येत नाही. ती फायलीत राहणार. हे जे आता बोललात तेही लेखी लागेल. आणि समितीपुढे सांगावं लागेल, पालक प्रतिनिधी असतील तिथे. विचार करा.”

“केलाय.”

“तुमच्या पदाचं काय होईल मी सांगू शकत नाही.”

या वेळी सहा ओळींत मावलं नाही. दोन पानं झाली आणि अक्षर पार बिघडलं.

६ मार्च, शुक्रवार

समितीत नऊ माणसं. उभी राहून बोलले. पालकसभेत मला घरचं विचारणारे ते उंच गृहस्थही होते. ते पालक प्रतिनिधी आहेत, मला आज कळलं. त्या अडखळणाऱ्या मुलीचे वडील. त्यांनी एकच गोष्ट सांगितली. “माझी मुलगी त्या खोलीत जाऊन आली की घरी सलग बोलायची, मॅडम. दहा-दहा मिनिटं. आता पुन्हा खुणा करते.” रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं!

डिंकबाई सोळा तारखेपासून परत येतील. मला वर्षअखेरपर्यंत ठेवतील, पुढचं पुढे. समुपदेशकाची खोली रोज मधल्या सुट्टीत बंद राहील आणि मी ग्रंथालयात त्यांच्या हाताखाली बसेन, असं मीच सुचवलं. कुणीतरी हसलं. पण मंजूर झालं.

शिक्षकांच्या खोलीत मी शिरले की बोलणं थांबतं. चहाचा ट्रे येतो, सगळे कप उचलले जातात, एक उरतो, तो माझा. माझ्या शेजारची खुर्ची कुणीतरी अगदी सहज पलीकडे ओढून घेतली. चूक नाही त्यांची. उद्या माझ्याबद्दलही सहा ओळी लिहील असं वाटत असणार.

समितीतल्या नऊ माणसांना आणि शिक्षकांच्या खोलीला आता माहीत आहे. घरात एकाच माणसाला माहीत नाही. बाहेरून तिच्या कानावर जाण्याआधी मी सांगायला हवं.

७ मार्च, शनिवार

सकाळी सांगायचं ठरवलं — ती झोपली होती. दुपारी — तिच्या कानात गाणी. संध्याकाळी तिची वेणी घालून देऊ का विचारलं. आश्चर्य म्हणजे ‘दे’ म्हणाली! पाठ माझ्याकडे करून बसली. किती वाढलेत केस, हात लावल्याला किती महिने झाले. डिंकबाईंचं आठवलं, हात गुंतलेले, कुणी कुणाकडे बघत नाही. आता! आत्ता सांग!

तीन पेडांच्या जागी नुसती गाठ झाली. “दुखतंय,” ती म्हणाली. मी पुन्हा सोडून घातली. दोनदा.

सांगितलं नाही. समितीपुढे उभी राहून सगळं बोलले. इथे, एका वेणीमागे बसून, जीभ उचलेना. नऊ माणसांनी मला वाईट म्हटलं तर मी जगेन. हिने म्हटलं तर माझ्याकडे दुसरं कुणी नाहीच.

८ मार्च, रविवार

तिच्या बाबांचा फोन आला. ती म्हणाली, “बरा.”

उद्यापासून शाळेत जाते म्हणाली. मला नाही, त्यांना. मी ओट्यापाशी उभी राहून ऐकलं.

९ मार्च, सोमवार

सांगितलं. सकाळी दारातच, ती बुटाची नाडी बांधत असताना. “बाईंची बदली माझ्यामुळे झाली. तक्रार मी केली होती. तू त्यांच्याशी बोलतेस आणि माझ्याशी नाही, म्हणून.”

तिने मान वर केली नाही. एक नाडी झाली, दुसरी झाली.

“माहितीये. शिपाईमामा पत्र घेऊन आले तेव्हा मी तिथेच होते. तुझं अक्षर मला ओळखू येणार नाही का?” डिंकबाईंनी कागदावर हात ठेवला आणि तिला म्हणाल्या म्हणे — आईला एकदाच विचार. नाही सांगितलं तर भांडू नकोस. थांब. ती सांगेल.

म्हणजे ती तेव्हापासून थांबली होती. दाराच्या त्या बाजूला बसून सुद्धा.

दप्तर खांद्याला लावून उठली. डोळे पुसले बाहीने, आधी स्वतःचे, मग त्याच बाहीने माझे.

“किती वेळ लावलास गं आई!”